एका पायातली वहाण

१

रुफिल्लाच्या घरात सगळ्यांना श्वास रोखता येत असे. येत नसे ते फक्त सेवेराताईला.

बाबा मूर्तींना सोन्याचा वर्ख लावायचे. वर्ख इतका हलका की कुंचल्याच्या टोकावर तो उचलला की खोलीतल्या कुणीही श्वास सोडायचा नाही, अशी रीतच होती. नाहीतर तो उडायचा आणि कुठेतरी भलतीकडे जाऊन चिकटायचा. रुफिल्ला लहानपणापासून बाबांच्या शेजारी अशीच गप्प, दगडासारखी बसत आली होती. ताईला मात्र नेमकं तेव्हाच हसू फुटायचं. एकदा तिच्या हसण्याने उडालेलं वर्खाचं पान बाबांच्या टकलावर जाऊन बसलं, आणि बाबा तसेच चकाकत्या डोक्याने बंदरावर जाऊन आले.

"तू बाहेर हो बघू," बाबा तिला म्हणायचे. "तुझ्या पोटात वारा भरलाय नुसता."

आता तिच्या पोटात बाळ होतं. नवरा धान्याच्या जहाजावरचा. हिवाळ्यात समुद्र बंद झाला तेव्हा तो इजिप्तमध्येच अडकला. म्हणून ताई बाळंतपणासाठी पुतिओली बंदरात, बाबांच्या घरी राहिली होती. तिला आता वाकवत नसे. तिच्या वहाणांचे बंद रोज सकाळी रुफिल्ला बांधून द्यायची. दोन्ही पायांचे, आणि घट्ट, कारण सैल वहाण ताईला मुळीच खपत नसे.

"अजून आवळ. पायात काहीतरी फटफटतंय असं वाटलं ना, की माझं डोकंच उठतं."

रुफिल्ला आवळायची. त्या वेळी दोघींच्याही मनात एकच गोष्ट असायची, पण ती घरात कुणी बोलत नसे. त्यांची आई रुफिल्लाला जन्म देताना गेली होती. त्याच खोलीत.

२

बंद बांधून झाले की रुफिल्ला आत्याबरोबर टेकडीवरच्या व्हीनसच्या देवळात जाई. आत्या देवीचे केस विंचरायची.

म्हणजे खरोखर विंचरायची नाही. देवी संगमरवराची होती आणि तिला हात लावायला परवानगी नव्हती. आत्या चार हात लांब उभी राहून हवेतच बोटं फिरवायची. बटा सोडवायची, वळवायची, टाचण्या खोचायची. टाचण्याही नसायच्या. पण आत्या ते इतकं मन लावून करायची, की एखादी बट अडकली की तिच्या कपाळाला आठी पडायची. दुसऱ्या बायका कुणी हवेत तेल लावायच्या, कुणी नसलेल्या वस्त्राच्या चुण्या सारख्या करायच्या. सगळं झालं की देवीला आरसा दाखवायचा. ते काम रुफिल्लाचं.

तिने ते मागून घेतलं होतं. चार माणसांत तिला तोंड वर करवत नसे, आणि आरशामागे उभं राहिलं की आपण कुणाला दिसत नाही. काशाचा जड, गोल आरसा. त्याची झळझळीत बाजू देवीकडे. रुफिल्लाकडे फक्त मागची बाजू, तिच्यावर कोरलेला हंस. त्या हंसाची पिसं तिला पाठ झाली होती.

देवीकडे बघायची तर तिला लाजच वाटायची. देवी एका अनवाणी पायावर उभी होती, दुसरा पाय किंचित उचलून, वाकून त्या पायातल्या वहाणेचा बंद सोडत होती. अंगावर वस्त्र नाही. छातीभोवती सोनेरी पट्टा, पोटावर सोनेरी जाळी, दंडात कडं, केस सोन्याचे. हे सगळं बाबांनी वर्खाने मढवलेलं. गळ्यातला हार आणि टोचलेल्या कानांतली कर्णफुलं मात्र खरी होती. सकाळचं ऊन आत आलं की दगड कुठला आणि कातडी कुठली ते कळेनासं व्हायचं.

"अगं रुफिल्ले, लाजतेस काय?" एखादी बाई हटकून म्हणायची. "कपडे तिच्या अंगावर नाहीत, तुझ्या अंगावर आहेत!"

बायका हसायच्या. रुफिल्ला हंसाकडे बघत राहायची. देवीची मान झुकलेली, म्हणून आरसा खालून, तिरका धरावा लागे. मग आत्या म्हणायची, "बघितलं देवीने, झालं." रुफिल्ला आरसा लोकरीच्या फडक्याने पुसून पिशवीत ठेवायची.

मार्च संपत आला होता तेव्हाची गोष्ट. पुसता पुसता तिच्या लक्षात आलं की आरसा ओलसर आहे. मधोमध नाही, जरा डावीकडे. अंड्याएवढा एक धुरकट डाग. ती बघत असतानाच तो कडेकडून आटत गेला.

३

समुद्रावरचं दव असेल, असं तिने ठरवलं. काशाचा आरसा सकाळी गार असतो.

दुसऱ्या दिवशी कोरडा, बोचरा वारा सुटला होता. डाग होताच. मग तिला वाटलं, आपलाच श्वास असणार. पण ती तर मागच्या बाजूला असते. तरी तिने पुढच्या दिवशी आरसा उचलल्यापासून आत्या "झालं" म्हणेपर्यंत श्वास रोखून धरला. ते तिला अवघड नव्हतं. पुसायला आरसा वळवला, तर डाग त्याच जागी होता, त्याच आकाराचा. आणि तो आटायला आता जास्त वेळ लागत होता.

तिने आत्याला हळूच सांगितलं.

"मग जरा लांब उभी राहा," आत्या म्हणाली.

"माझा श्वास नाही तो, आत्या. मागून पुढे कसा जाईल?"

"मग तेल लावणाऱ्या लेगीचा असेल. ती काल रात्री लसूण खाऊन आली होती, तिचा श्वास बंदरापर्यंत जातो." आत्या हसली. पण त्यानंतर केस विंचरताना ती रोजच्यापेक्षा पाऊलभर मागे उभी राहू लागली, हे रुफिल्लाने बघितलं.

घरी तिने ताईला सांगितलं. ताई अंगणात भिंतीला टेकून सुके अंजीर खात होती.

"बिचारी! केव्हाची वाकून उभी आहे. दम लागणारच की," ताई म्हणाली. "माझंच बघ, नुसतं उठले तरी धाप लागते. तिला म्हणावं, एवढा त्रास होतोय तर काढून टाक ती वहाण एकदाची, नाहीतर माझ्या बहिणीला बोलाव बांधायला."

आणि ती इतकी हसली की आतून बाबा ओरडले, "गेलं! पान गेलं माझं!"

रुफिल्लाही हसली. पण त्या दिवशी बंद बांधताना तिच्या मनात आलं, की हे हसू आणखी थोड्या दिवसांनी या घरात असेल की नाही. तिने वर बघितलं. ताई तिच्याकडेच बघत होती, आणि आता हसत नव्हती.

"माझ्यासाठी माग गं तिच्याकडे काहीतरी," ताई म्हणाली. "तू रोज तिच्या एवढी जवळ असतेस."

रुफिल्लाने मागितलं. आरशामागे, मनातल्या मनात, रोज. दुसऱ्या कुणाशी बोलली नसती इतकं ती त्या हंसाशी बोलली.

४

एप्रिलच्या पहिल्या दिवशी देवीला न्हाऊ घालायचं असतं. त्या एकाच दिवशी बायका तिला हात लावू शकतात. त्याआधी वर्ख पाहायला बाबांना बोलावलं. रुफिल्ला त्यांची पेटी घेऊन बरोबर गेली.

बाबांनी केस बघितले, कडं बघितलं, जाळी बघितली. छातीवरच्या पट्ट्याशी आले आणि थबकले.

पट्ट्यावर बारीक रेघा पडल्या होत्या. उभ्या, केसाएवढ्या, एकीशेजारी एक.

"हे काय," बाबा पुटपुटले. त्यांनी नखाने एक रेघ चाचपली. "दगडावर वर्ख असा तडकत नाही. पापुद्रा सुटतो, झिजतो, पण असा नाही. असा तडकतो तो चामड्यावर. चामडं दुमडलं, ताणलं, पुन्हा दुमडलं, की घड्यांवर अशा रेघा येतात."

"मग इथे कशा आल्या?"

बाबांनी रेघेवरून पुन्हा नख फिरवलं. मग मान हलवत हसले. "वर्खाखालचं अंड्याचं पांढरं पातळ झालं असेल माझ्याकडून. म्हातारा झालो. दे ती वाटी."

त्यांनी पट्टा नव्याने मढवला. वर्खाचं पान कुंचल्यावर उचललं तेव्हा दोघांनी सवयीने श्वास रोखला. देवळात कुणी नव्हतं. खालून बंदरावरच्या हमालांचे आवाज येत होते, तेही मधेच थांबले.

त्या शांततेत रुफिल्लाला वाटलं, आपण दोघांनी श्वास रोखला आहे, तरी देवळातला श्वास पूर्णपणे थांबलेला नाही.

पान कुंचल्यावर थरथरलं. बाबांनी ते पटकन चिकटवलं, बोटाने दाबलं. "वारा आहे," ते म्हणाले.

दारावरचा पडदा सरळ लोंबत होता.

५

न्हाण्याच्या दिवशी देऊळ बायकांनी भरून गेलं. सगळ्यांनी मध आणि खसखस घातलेलं दूध प्यायलं. आत्याने देवीच्या गळ्यातला हार काढला, कर्णफुलं काढली. मग पाणी, गुलाब, मर्टलच्या सुवासिक डहाळ्या, आणि गाणी म्हणत शंभर हात एकदम.

रुफिल्लाला पाठ पुसायला दिली. भीत भीत तिने फडकं टेकवलं. दगड होता. गार, गुळगुळीत, निव्वळ दगड. तिला इतकं हायसं वाटलं की ती तिथेच उभी राहून हसली. हार काढलेल्या जागी मानेवर एक फिकट वळ दिसत होता, रोज दागिना घालणाऱ्या बाईच्या मानेवर असतो तसा. पण तो धूळ बसली नसल्याने असणार, असं तिने लगेच स्वतःला समजावलं.

मग हार पुन्हा चढवला. कर्णफुलं घातली. ताजे गुलाब वाहिले. शेवटी आरसा दाखवायचा. नवं सोनं ल्यालेली देवी स्वतःला बघते, आणि मगच तो दिवस पुरा होतो.

रुफिल्लाने आरसा पिशवीतून काढला, तेवढ्यात शेजारची म्हातारी धापा टाकत दारात आली.

"रुफिल्ला! चल आधी! तुझ्या ताईचं काही खरं नाही!"

रुफिल्ला धावली. उतारावरून, गाढवांमधून, मासळीबाजारातून. घराच्या दारात पोचली तेव्हा तिला कळलं की हातात आरसा तसाच आहे. देवीला तो दाखवायचा राहून गेला होता.

६

बाळ रडत होतं. ते बाहेरूनच ऐकू आलं, आणि तिला वाटलं, सुटलो.

खोलीत संध्याकाळचं पिवळं ऊन होतं. दुसऱ्या एका शेजारणीने बाळ कुशीत घेतलं होतं. मुलगी होती. खालच्या रक्ताळलेल्या चिंध्या बघून रुफिल्लाने डोळे वर केले. ताई पलंगावर उताणी पडली होती, तोंड किंचित उघडं. सुईण इरेनेमावशी तिच्या मानेवर बोटं दाबून बसली होती. इरेनेमावशी राक्षसासारखी धिप्पाड. सगळं गाव तिला टरकून असे.

"आरसा आहे? आण इकडे."

तिने तो ताईच्या ओठांपाशी धरला. थांबली. पुसला, पुन्हा धरला. आरसा लख्ख राहिला.

"आता भाचीला बघ तू," ती हळू आवाजात म्हणाली. "बाबांना हाक मार, पोरी."

बाबा अंगणात होते. रुफिल्लाने हाक मारली नाही. तिने मावशीच्या हातून आरसा काढून घेतला.

"ताईला श्वास रोखता येत नाही," ती म्हणाली. मोठ्याने. इतक्या माणसांत इतक्या मोठ्याने ती कधीच बोलली नव्हती. "तिला कधीच येत नाही. विचारा बाबांना."

"अगं बाळा..."

पण ती पलंगाशी जाऊन उभी राहिली, देवळात रोज उभी राहते तशी. आरसा खालून, तिरका, झळझळीत बाजू ताईकडे. डोळ्यांसमोर हंस.

तेव्हा अंगणातून पावलं आली.

टक्. मग काही नाही. टक्. मग काही नाही. एका पायात वहाण, दुसरा अनवाणी. रुफिल्लाला वाटलं, आत्या असेल. धावता धावता तिच्या एका वहाणेचा बंद तुटला असेल. बाबा अंगणातच बसले होते, तरी त्यांनी कुणाला हटकलं नाही. पावलं घाईत नव्हती. उंबऱ्याशी आली. आत आली.

भिजलेल्या दगडाचा वास आला, आणि गुलाबांचा.

इरेनेमावशीने वर बघितलं. बाळंतिणीच्या खोलीत कुणी घुसलं तर ती शिव्या द्यायची, आणि तिने त्यासाठी तोंड उघडलंही. पण ती उठली. आपलं स्टूल पायाने ओढून बाजूला घेतलं, आणि त्या एवढ्या मोठ्या बाईने भिंतीला चिकटून वाट करून दिली.

रुफिल्लाने मान वळवली नाही. तिचे हात घामाने ओले झाले होते. आरशाची मूठ निसटली आणि क्षणभरच आरसा एका बाजूला झुकला.

त्याच्या कडेपलीकडे तिला एक वाकलेला खांदा दिसला. त्यावरून पाणी ओघळत होतं. खाली सोनेरी पट्ट्याची कड, आणि तिच्यावर बारीक रेघा. रेघा उघडत होत्या, मिटत होत्या.

रुफिल्लाने श्वास रोखला. वर्ख उचलताना रोखतात तसा. आणि तिला आठवलं, की तिचं काम राहिलं आहे. तिने दोन्ही हातांनी आरसा सरळ केला आणि नीट धरला, जराही न हलवता.

"बघितलं देवीने," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. "झालं."

मूठ कोमट झाली. आरशाच्या कडेवरून धुरकट ओल पुढे आली आणि थेंब होऊन हंसाच्या मानेवर ओघळली.

पलंगावर ताई खोकली. मग एक लांब, खरखरीत श्वास, आणि आणखी एक.

"जिवंत आहे!" मावशी किंचाळली आणि कामाला लागली. बाबा आत धावले. मावशी रडत होती, बाबा रडत होते, बाळ तर रडतच होतं. त्या सगळ्या गोंधळात रुफिल्ला आरसा छातीशी धरून कान देऊन उभी होती.

परत जाणाऱ्या पावलांचा आवाज काही तिला आला नाही.

७

दुसऱ्या दिवशी ती आरसा घेऊन देवळात गेली. देवी होती तिथेच होती, वाकलेली, बंद सोडत असलेली. रुफिल्लाने आरसा दाखवला. पुसायला वळवला, तर तो लख्ख कोरडा होता. त्यानंतर त्यावर कधीच डाग पडला नाही. पट्ट्यावरही पुन्हा रेघा आल्या नाहीत. बाबा सगळ्यांना सांगतात, "या वेळी अंड्याचं पांढरं घट्ट घेतलं होतं मी."

जहाजं आली, ताईचा नवरा आला, लेकीला बघून वेडा झाला. इरेनेमावशी त्या दिवसाबद्दल बोलत नाही. येता-जाता ती घरात डोकावते, बाळाला मांडीवर घेते, आणि ताई चालू लागली की तिच्या पायांकडे बघते.

परवा बाबा कामाला बसले होते. ताई बाळ घेऊन आत आली आणि त्यांच्याजवळ टेकली. बाबांनी पान उचललं. रुफिल्लाने श्वास रोखला, बाबांनी रोखला, आणि ताईनेही. ती निश्चल बसली होती. मान किंचित झुकलेली. छाती हलत नव्हती. बाबांनी पान चिकटवलं, श्वास सोडला, दुसरं उचललं. ताई अजून तशीच होती. खिडकीतलं ऊन तिच्या गळ्यावर पडलं होतं, आणि दगड कुठला आणि कातडी कुठली ते...

रुफिल्लाचा हात आपोआप पुढे गेला, आरसा धरल्यासारखा.

तेवढ्यात बाळाला शिंक आली आणि ताई फसकन हसली. पान उडालं. गिरक्या घेत वर गेलं आणि बाबांच्या टकलावर जाऊन बसलं.

"बाहेर हो!" बाबा ओरडले, आणि ओरडता ओरडता त्यांचे डोळे भरून आले. "हो बघू बाहेर, वाऱ्याची पेटी कुठली!"

ते हसू ताईचंच होतं. रुफिल्लाला त्याची खात्री होती. ते हसू तिला जन्मापासून ओळखीचं होतं.

ताई उठली. तिच्या एका वहाणेचा बंद सुटलेला होता, रोज असतो तसा.

"थांब ताई, बांधून देते."

"राहू दे गं," ताई म्हणाली. तिने ती वहाण पायाने सरकवून कोपऱ्यात ढकलली. "मला अशीच बरी वाटते."

आणि बाळाला कडेवर घेऊन ती अंगणातून निघाली. टक्. मग काही नाही. टक्.

रुफिल्ला रोज सकाळी अंथरुणात डोळे मिटून हा आवाज यायची वाट बघते. तो आला की मनातल्या मनात हात जोडते. तो कुणाच्या पावलांचा आहे, हे ती विचारत नाही. फक्त उपकार मानते, आणि मग उठते.